चौशिंगा आणि निळा कोळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांचा इतिहास यांवर बोलावे असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘एक लहान हरिण आणि एक मोठा कोळी’ असे कळविले. त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, “म्हणजे बालविभागासाठी का?” आम्ही म्हणालो, मुलांनी अवश्य यावे, परंतु विषय मोठ्यांचा आहे. आज पुढच्या रांगेत मुले बसली आहेत आणि मोठी मंडळी थोडी साशंक दिसत आहेत, त्याअर्थी दोन्ही निरोप पोहोचले असावेत.

ह्या दोन प्राण्यांची तुलना करण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. एकाला चार पाय, दुसऱ्याला आठ. एक रवंथ करणारा, दुसरा किडे खाणारा. एकाला पाहून आपण ‘किती गोजिरवाणे’ म्हणतो आणि दुसऱ्याला पाहून पायातली वहाण शोधतो. कारण एवढेच की दोघे एकाच रानाचे रहिवासी आहेत आणि ते रान आपल्या ह्या सभागृहापासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ह्या शेजाऱ्यांची नावे ठाऊक आहेत.

रान म्हणजे नल्लमला. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा आणि ‘मला’ म्हणजे डोंगर. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाला जाऊन आला नाही असा मराठी माणूस ह्या शहरात विरळा. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराज श्रीशैलास गेले होते, ही आठवण तर प्रत्येक सहलीत कोणी ना कोणी सांगतोच. मन्ननूरचे वनखात्याचे फाटक ओलांडले की दुतर्फा जे रान लागते, ते कृष्णेपलीकडे दक्षिणेस नंद्याल आणि गिद्दलूरच्या बाजूला बरेच पुढे जाते. २०१४ साली राज्याची वाटणी झाली तेव्हा त्या रानाचीही झाली. अलीकडचा भाग तेलंगणाकडे आला, पलीकडचा आंध्राकडे राहिला. जनावरांना अर्थात ते कोणी कळविलेले नाही.

ह्या रानाविषयी एक गैरसमज आपण मराठी लोक विशेष जोपासतो. कोकणातले वा महाबळेश्वराकडचे सदाहरित रान पाहिलेल्या डोळ्यांना हे पानगळीचे रान रुक्ष वाटते. एप्रिलमध्ये सहलीची गाडी खिडकीबाहेर पाहत जाते आणि कोणीतरी म्हणतेच, “ह्यात काय आहे? नुसत्या काटक्या!” त्या काटक्या म्हणजे धावडा, ऐन, अंजन, बिबळा, सालई आणि साग. पाऊस पडला की पंधरा दिवसांत ओळखू येणार नाही इतके ते बदलते. आणि ज्या दोन जिवांविषयी आज बोलावयाचे आहे, ते दोन्ही ह्या ‘काटक्यां’च्याच आधाराने जगतात. हिरव्यागार दाट रानात त्यांना नेऊन सोडले तर तेथे त्यांचे निभेल असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम कोळ्याची हकीकत सांगतो, कारण ती गुत्तीपासून सुरू होते आणि गुत्तीचे नाव आपल्याला परके नाही. गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांचा हा किल्ला. हैदर अलीने १७७६ साली तो जिंकून घेतला आणि तेथील घोरपड्यांची सत्ता संपली. (घोरपडे हे आडनाव घोरपड ह्या प्राण्यावरून पडले असे परंपरा सांगते. तेव्हा प्राण्यांचे नाव काढल्याबद्दल आम्हांस इतिहासप्रेमी मंडळींनी क्षमा करण्याचे कारण नाही. सुरुवात त्यांच्याकडूनच झालेली आहे.) ह्या गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस एक कोळी सापडला. एकच, आणि मादी. तो नमुना लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि १८९९ साली रेजिनाल्ड इनीस पोकॉक ह्या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला ‘पीसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव दिले. ‘मेटॅलिका’ म्हणजे धातूसारखा. कारण त्याचा रंग निळा होता. तोही साधा निळा नव्हे, तापवून थंड केलेल्या पोलादावर जी निळी झाक येते तसा.

पोकॉक हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे ते अधीक्षक झाले आणि कोळी-विंचवांकडून सस्तन प्राण्यांकडे वळले. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कातडीत ज्या गंधग्रंथी असतात त्यांवर त्यांनी १९१० साली सविस्तर निबंध लिहिला. म्हणजे कोळी आणि हरिणवर्ग यांना एकाच टेबलावर ठेवून पाहणारे आम्ही पहिले नाही.

नाव मिळाले खरे, परंतु त्यानंतर तो कोळी कोणाच्या दृष्टीस पडेना. गुत्तीच्या परिसरात शोधावे तर तेथे उघडे माळ आणि खडक. मोठ्या वृक्षांच्या ढोलीत राहणाऱ्या जातीचा जीव तेथे राहणार कोठे? तब्बल एकशे दोन वर्षे गेली. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या रानात तो जिवंत आढळला, गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटर ईशान्येस. तेव्हा कोडे उलगडले. गुत्ती हे त्याचे घर नव्हतेच. तोडलेल्या ओंडक्याच्या ढोलीत बसून तो आगगाडीने तेथवर आला असला पाहिजे. गुंतकलपासून नल्लमलाच्या घाटातून बेजवाड्याकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा नवाच झालेला होता, आणि तो चालवीत असे ‘सदर्न मराठा रेल्वे’. मराठ्यांच्या नावाच्या गाडीने मराठ्यांच्या जुन्या ठाण्यावर उतरलेला हा प्रवासी तेथलाच म्हणून शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला. आजही जगभर त्याला ‘गुटी’चा कोळी म्हणूनच ओळखतात. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव चुकले की पुढे आयुष्यभर दुरुस्त होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता त्याचे वर्णन. पाय पसरले म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर भरतो. घरातली चहाची बशी डोळ्यांसमोर आणावी. निळ्या पायांवर पांढरे पट्टे, सांध्यांपाशी पिवळी छटा, पाठीवर नक्षी. तो गोल जाळे विणीत नाही. ढोलीच्या तोंडाशी नरसाळ्यासारखे वेडेवाकडे तंतू पसरतो आणि रात्री दाराशी दबा धरून बसतो. उडणारा किडा टप्प्यात आला की झडप. दिवसा आत. उजेड अंगावर पडला की पळतो. ढोल्या कमी असल्या तर ह्या वंशातले कोळी एकाच ढोलीत दाटीवाटीने राहतात असेही दिसून आले आहे. मादी ११-१२ वर्षे जगते. नराचे आयुष्य तीन-चार वर्षांचे; वयात आला की तो घर सोडून रात्री मादीच्या शोधात भटकतो आणि त्या भटकंतीतच त्याचे आयुष्य सरते.

विषाबद्दल प्रश्न येणार म्हणून आधीच सांगतो. त्याचा दंश फार वेदनादायक असतो आणि नंतर स्नायूंत गोळे येतात. परंतु त्याने माणूस दगावल्याची नोंद नाही. चावण्यापूर्वी तो आधी पळून पाहतो. ‘टॅरंटुला’ हा शब्द चित्रपटवाल्यांनी इतका भयंकर करून ठेवला आहे की बिचाऱ्याला बदनामी फुकटच मिळाली. वास्तविक हा शब्द इटलीतल्या टारांटो गावावरून आला आणि तो तेथल्या वेगळ्याच एका कोळ्याचा. म्हणजे सामान्यनामातही पुन्हा गावाचा घोटाळा आहेच.

त्या निळ्या रंगाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. त्या रंगात निळे द्रव्य नाही. त्याच्या केसांची घडण इतकी सूक्ष्म पदरांची आहे की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. मोराच्या पिसाऱ्यात जे घडते त्याच जातीचे हे कौतुक. हा निळा कोणासाठी, ह्यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. २०१५ साली एका अभ्यासात असे मांडले गेले की टॅरंटुला-कुळात निळा रंग निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाला आहे आणि ह्या कोळ्यांची दृष्टी मंद असल्यामुळे तो जोडीदाराला मोहविण्यासाठी नसावा. २०२० साली दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले की रंग ओळखण्यास लागणारी प्रथिने त्यांच्यात आहेत, तेव्हा इतक्यात निकाल देऊ नये. आम्हांस हा वाद आवडतो. अंधारात राहणारा, उजेड पाहून पळणारा प्राणी, आणि अंगावर असा रंग! निळे वस्त्र अंगावर घालून कोणी आयुष्यभर माजघरातच बसावे तसे हे झाले.

आता चौशिंग्याकडे वळू. येथे आपण अधिक घरचे आहोत, कारण मेळघाटात, ताडोब्यात तो आहे. तरीही त्याला पाहिलेली माणसे थोडी. आणि ज्यांनी पाहिले त्यांतले निम्मे त्याला भेकर समजून घरी आले. हा घोळ एकदा निस्तरला पाहिजे. भेकर हा मृगकुळातला. त्याची शिंगे भरीव हाडाची असतात, गळून पडतात आणि पुन्हा येतात. चौशिंगा हा कुरंगवर्गातला, म्हणजे गाय-म्हैस-शेळीच्या विस्तृत गोतावळ्यातला. त्याच्या शिंगात आत हाड आणि वर टणक आवरण. ती आयुष्यभर टिकतात. खांद्यापाशी उंची ५५ ते ६४ सेंटिमीटर, वजन १७ ते २२ किलो. पहिली-दुसरीतल्या मुलाइतके वजन धरा. आणि ह्याचा जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग कोण, तर नीलगाय! आशियातील सर्वांत थोराड कुरंग आणि सर्वांत लहानांपैकी एक, हे दोघे चुलतभाऊ. त्यांच्या शाखेत आज हे दोघेच उरले आहेत.

शिंगे चार, आणि ती फक्त नराला. मागची जोडी कानांच्या मध्ये, साधारण ८ ते १२ सेंटिमीटर. पुढची कपाळावर, डोळ्यांच्या वर, दोन ते पाच सेंटिमीटर, नुसते कोंब. रानटी स्थितीतील सबंध गवादी कुळात चार शिंगे असणारा हा एकटाच. पण दक्षिणेकडच्या पुष्कळ नरांत पुढची जोडी इतकी खुरटी असते की हाताने चाचपावी लागते, कित्येकांत नसतेच. हे नीट नोंदविले ते वॉल्टर इलियट ह्या गोऱ्या अधिकाऱ्याने. १८३९ साली त्याने धारवाडकडच्या मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, तिच्या मथळ्यातच ‘दक्षिण मराठा देश’ असे शब्द आहेत. त्या यादीत त्याने ह्या प्राण्याला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘जवळजवळ चौशिंगी’ असा होतो. नाव ठेवताना एवढा प्रामाणिकपणा आम्ही क्वचितच पाहिला आहे.

चौशिंग्याचे जगणे एकलकोंडे. काळवीट कळपाने उघड्या माळावर उड्या मारतो, त्याचे सौंदर्य दूरूनही दिसते. कवींनी त्याला पोटभर गायिले. चौशिंगा गवताच्या आणि झुडपांच्या आडोशाने, एकटा किंवा आई आणि पाडस असा, मान खाली घालून चालतो. धोका वाटला की प्रथम जागच्या जागी थिजतो आणि मग एकदम झटके देत झाडीत शिरतो. रंगही मळकट तपकिरी. त्याच्या दोन गोष्टी मात्र पक्क्या. एक, त्याला पाणी लागते आणि वारंवार लागते. पुष्कळ कोरडवाहू कुरंग पाण्यावाचून दिवस काढतात, तसे ह्याला साधत नाही. म्हणून ह्याचा वावर पाणवठ्यापासून फार दूर नसतो. दुसरी, तो मलविसर्जनासाठी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येतो. तेथे लेंड्यांचा ढीग साचतो आणि डोळ्यांपुढच्या ग्रंथींचा स्राव तो आसपासच्या झुडपांना पुसून ठेवतो. बोलणे थोडे आणि खुणा फार, असा त्याचा स्वभाव. माद्या सुमारे आठ महिन्यांनी वितात. पाडस एक, कधी दोन.

येथपर्यंत परिचय झाला. आता तुलनेचा खरा भाग.

चौशिंगा भारताबाहेर नेपाळच्या थोड्या भागात तेवढा आहे. बाकी सगळा आपल्या देशात, गीरपासून ओडिशापर्यंत आणि खाली तमिळनाडूपर्यंत विखुरलेला. मुलूख एवढा मोठा, पण दाट वस्ती कोठेच नाही. सगळी प्रौढ जनावरे मिळून दहा हजारांहून कमी असावीत असा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. निळ्या कोळ्याचे उलटे. त्याचा ठाऊक असलेला सगळा मुलूख १०० चौरस किलोमीटरांहून कमी. आपल्या हैदराबाद शहराच्या एका कोपऱ्यात तो मावेल. १९७२ च्या त्या याद्यांत त्याला जागा नव्हती. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. त्याच्या वंशाच्या जागतिक व्यापारावर निर्बंध आला तो २०१९ साली, म्हणजे नाव मिळाल्यापासून एकशेवीस वर्षांनी.

आणि त्या मधल्या काळात काय झाले? २००१ साली ठिकाण जगजाहीर झाले आणि थोड्याच वर्षांत हा कोळी युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत जाऊन बसला. तेथे त्याची पैदास उत्तम होते. एका अंड्यांच्या पिशवीतून शंभराच्या आसपास पिल्ले निघू शकतात. आज परदेशात तो पाळीव म्हणून विकत मिळतो आणि ‘गुटी’ हे नाव त्यामुळे अशा अशा गावांत पोहोचले आहे की जेथे मुरारराव घोरपडे कोण हे सांगूनही कळणार नाही.

मग एक प्रश्न उभा राहतो. ज्या जातीचे जीव रानाबाहेर काचेमागे एवढ्या संख्येने सुखरूप आहेत, ती वाचली असे म्हणावे की नाही? हौशी मंडळी म्हणतात, वाचली; आमच्यामुळेच वाचली. ह्या म्हणण्याला एकदम हसण्यावारी नेऊ नये. रान उद्या जळून गेले तर निदान जात तरी शिल्लक राहील, हे खरे आहे. चौशिंग्याला हा आधारही नाही. प्राणिसंग्रहालयांत तो थोडाच आणि तोही मोजक्या ठिकाणी. तरीही आम्हांस ते म्हणणे पटत नाही. त्या पेट्यांतली आजची पिल्ले सुरुवातीला नेलेल्या मूठभर कोळ्यांची संतती. ते मूळचे कोळी कोणत्या झाडावरचे, कोणी आणि कसे नेले, ह्याचे कागद फारसे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ढोली पाहिलेली नाही, नल्लमलाचा मे महिना पाहिलेला नाही, रात्री बाहेर पडून मादी शोधलेली नाही. आणि मुख्य म्हणजे परत आणून ठेवावयाचे म्हटले तर ठेवणार कोठे? ढोलीचे झाड तर राहिले पाहिजे. घरापासून दूर वाढलेल्यांनी मूळ गावाचे राहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ह्या सभागृहात विचारणे थोडे नाजूक आहे, ह्याची आम्हांस जाणीव आहे. फरक एवढाच की आपण सुटीत गावी जाऊ शकतो आणि गाव तेथे असते.

चौशिंग्याला वाचविण्याच्या उपायांनी कोळी आपोआप वाचेल, असे आपण सहज गृहीत धरतो. वाघ वाचला की रान वाचते आणि रान वाचले की सगळे वाचतात, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर शोभते. प्रत्यक्षात दोघांच्या गरजा भिन्न आहेत. चौशिंग्याला पाहिजे उन्हाळ्यातले पाणी, लपावयास गवत आणि गावठी कुत्र्यांपासून व फासक्यांपासून सुटका. ते गवत गुरांनी चरून संपविले वा वणव्यात गेले की तो उघडा पडतो. कोळ्याला गवताचे सोयरसुतक नाही. त्याला पाहिजे म्हातारे झाड. पन्नास वर्षांचे सरळसोट झाड त्याच्या उपयोगाचे नाही. फांदी मोडून जेथे कुजली आहे, सालीमागे पोकळी झाली आहे, आत अंधार आहे, असे झाड. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या वहीत ज्याला ‘निकामी’ म्हणतात, नेमके ते. सरपणासाठी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते, कारण तोडणाऱ्याला वाटते की वाळलेले तोडले तर पाप नाही.

ह्या बाबतीत एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट, मरणोन्मुख आणि वाऱ्याने पडलेली झाडेदेखील हलविण्यास मनाई केली. न्यायमूर्तींच्या मनात कोळी नसेल. पण ढोलीत राहणाऱ्या प्रत्येक जिवाच्या, घुबडाच्या, धनेशाच्या, उडत्या खारीच्या बाजूने तो निकाल लागला. अडचण एवढीच की निळा कोळी जेथे सापडला ते रान कागदोपत्री ‘राखीव वन’ आहे, आणि राखीव वन म्हणजे अभयारण्य नव्हे. २००८ सालच्या नोंदीतच म्हटले आहे की सरपणाची छाटणी आणि लाकूडतोड यांनी ते रान पार खिळखिळे झाले आहे. विचार करा: लाकडाच्या ज्या वाहतुकीमुळे हा कोळी शास्त्राला प्रथम कळला, त्या लाकडाच्याच पायी तो जात आहे. गुत्तीच्या वखारीत जो ओंडका आला तो आधी कोणाचे तरी घर होता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही.

सरपण तोडणाऱ्या बाईला दोष देणे आम्हांस मान्य नाही. डोंगराच्या पायथ्याशी चूल पेटविणारीला पर्याय न देता तिच्या हातातली कोयती काढून घेणे हा शहरी माणसाचा आवडता उपाय आहे; त्यातून रान वाचत नाही, वैर तेवढे वाढते. नल्लमलात चेंचू लोक पिढ्यान्‌पिढ्या मध आणि कंदमुळे गोळा करून राहिले, आणि रान उभे होते. ओंडके आगगाडीत भरण्याची कल्पना त्यांची नव्हती.

मागच्या खेपेस हाच विषय आम्ही काही तरुण मंडळींपुढे मांडला, तेव्हा एका मुलीने विचारले की दोघांपैकी एकासाठीच पैसे असतील तर कोणावर खर्च करावे? प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. आम्ही सांगितले, कोळ्यावर. चौशिंगा एका डोंगरातून गेला तर दुसऱ्या डोंगरात आहे. मेळघाटात आहे, गीरमध्ये आहे. कोळ्याला दुसरा डोंगर नाही. शिवाय त्याला लागणारा खर्चही फार नाही: काही शे म्हातारी झाडे मोजून, त्यांवर खूण करून, ती तोडली जाणार नाहीत एवढी व्यवस्था आणि खालच्या गावांना दुसरे सरपण किंवा गॅस. तिचे समाधान झालेले दिसले नाही. हरिणाचे डोळे फार मोठे असतात, आणि देणगीच्या पावतीपुस्तकावर कोळ्याचे चित्र छापून पाहा म्हणजे आमची अडचण कळेल.

येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल श्रीशैलास जाणार असल्याचे कळते, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. नंद्याल-गिद्दलूरकडे निळा कोळी पाहावयास जाऊ नये आणि झाड नेमके कोणते हे कोणास विचारूही नये. ठिकाण जितक्यांना ठाऊक तितका धोका अधिक, हे मागे झालेच आहे. चौशिंगा मात्र अवश्य शोधावा. मन्ननूरचे फाटक रात्री वाहनांना बंद असते, तेव्हा पहाटे उघडताच निघावे आणि फरहाबादच्या बाजूला वनखात्याच्या गाडीतून जावे. जनावर दिसेलच असे नाही. वाटेच्या कडेला लहान लेंड्यांचा ढीग दिसला तर वाटाड्याला गाडी थांबवावयास सांगावी. लेंडी मोठी असेल तर ती नीलगाईची. चुलतभावाची सवयही तीच आहे. लहान, बोराच्या बीएवढी असेल आणि वरच्या थोड्या ओल्या असतील, तर आवाज न करता पाणवठ्याच्या दिशेला पाहत राहावे. मुलांना पुढे बसू द्यावे; हालचाल आधी त्यांनाच दिसते.